लग्नपत्रिकांचा कॅट

“तुझ्या पत्त्याचं ऐकलं गो मी. गेलंय नाय,” शेजारची मालनकाकी म्हणाली आणि सुपातला एक खडा चिमटीत धरून तिनं गॅलरीच्या कठड्याबाहेर भिरकावला. शुभा नुकतीच जिना चढून वर आली होती. एका खांद्यावर दप्तर, हातात तिखटमीठ लावलेला पेरू, आणि आज बाईंनी पुन्हा तिलाच उभं करून धडा वाचायला लावला त्याची अजून न उतरलेली ऐट. “कुठे गेली नाहीस?” तिनं पेरू चावत विचारलं. “हॉस्पिटलात. सोमवारी खाट मिळत होती.” काकीनं गॅलरीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं, सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि पदरावरूनच छातीच्या डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली. “गणपतीत चिंचोक्याएवढी होती. आता सुपारीएवढी आहे. कापायची म्हणाले. पण तू सांगलंस ना, ज्या कामाला निघालीस तिथे जाऊ नको म्हणून. मग नाय गेलंय.” दूधवाल्याचा निरोप द्यावा तशी ती बोलली. पेरूचा घास शुभाच्या तोंडातच राहिला, बिया दातांखाली आल्या आणि त्या चावायच्या की गिळायच्या हेच तिला कळेना.

“काकी, अगं ती मजा होती.”

“तुका मजा. माका नाय.” काकीनं सूप परत मांडीवर घेतलं. “शुक्रवारी परत बोलावलंय. तेव्हा नाही गेलं तर खाट दुसऱ्या बाईला, आपला नंबर मग कधी ते देवाला माहीत. ह्यांना सांगितलंय मी, डॉक्टरनीच तारीख पुढे ढकलली. तू तुझ्या आईला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

शुभा घरात आली. आईनं चहा पुढे ठेवला, काहीतरी विचारलं, शुभानं काहीतरी उत्तर दिलं. आज बुधवार. बुधवार, गुरुवार आणि मग शुक्रवार. बोटांवर मोजायलासुद्धा तीन बोटं जास्तच होत होती. पत्ते कपाटात, शाळेच्या जुन्या वह्यांखाली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते, आणि त्या कपाटाकडे पाठ करून बसलं तरी ते कपाट तिला पाठीला जाणवत होतं. बेचाळीस पत्ते. एकेक तिनं आपल्या हातानं कापलेला, रंगवलेला. गेल्या रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंतनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या दहा बायका ह्याच खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या, हातात तिळगूळ आणि मांडीवर वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची गाळणी, आणि आईच म्हणाली होती, “अगं, तुझे ते पत्ते काढ ना, बघू दे काय म्हणतायत.” आणि शुभा, जी आठवीपर्यंत शेवटून दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसायची, जिला पाहुण्यांसमोर नाव सांगतानासुद्धा घाम फुटायचा, ती शुभा दहा बायकांच्या मधोमध पाटावर चढून बसली होती. झकास वाटलं होतं. तसं वाटतं म्हणून माणसं नाटकात कामं करत असतील, निवडणुकीला उभी राहत असतील, असंही तेव्हा मनात येऊन गेलं होतं.

सगळं सुरू झालं ते शाळेच्या हस्तलिखितापासून. विषय ज्यानं त्यानं निवडायचा होता. सगळ्यांनी ‘पाऊस’ आणि ‘माझी आई’ घेतले. शुभानं घेतलं भविष्य सांगणारे पत्ते, कारण शाळेच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी कोश होता आणि त्यात त्या पत्त्यांची चार रंगीत चित्रं होती. एका पायानं उलटा टांगलेला माणूस, वीज पडून ढासळणारा मनोरा, हातात कोयता घेतलेला सांगाडा. डिक्शनरी मांडीवर घेऊन आठ दिवस ती त्या एका पानाशी झटली होती, आणि जे हाती लागलं त्यानं ती खूश होऊन गेली होती. ते भयंकर पत्ते मुळात इटलीतल्या श्रीमंतांचा खेळ होते. तीनेकशे वर्षं लोक त्यांच्याशी नुसते डाव खेळले, हरले, जिंकले, जेवायला उठले. मग एका फ्रेंच माणसानं एक दिवस ठरवलं की ही इजिप्तमधल्या पुजाऱ्यांची गुप्त विद्या आहे, आणि सगळ्यांना ते पटलं. दुसरा एक छत्तीस पत्त्यांचा कॅट एका प्रसिद्ध ज्योतिषीण बाईच्या नावानं खपायचा. तो बाई मेल्यावर तिच्या नावानं काढलेला, आणि मुळात तो जर्मनीतला सोंगट्या पुढे सरकवायचा खेळ, सापशिडीसारखा. म्हणजे कुठलाही कॅट घ्या, खरवडत गेलं की खाली खेळच निघतो, असं तिनं शेवटच्या परिच्छेदात ठणकावून लिहिलं होतं. लेख प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर वाचायला लावला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्या दिवसापासून शुभाचा आवाज मोठा झाला तो झालाच.

आणि मग, खेळच आहे तर आपणही एक करू, म्हणून तिनं आनंदमेळाव्यासाठी आपला कॅट केला. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. कोकणातली माणसं लग्नाला जावोत न जावोत, पत्रिका टाकून देत नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमटीची वाटी उपडी ठेवून तिनं गोल आखले. गोल का, तर सावंतवाडीला लवूआजोबांकडे, म्हणजे बाबांच्या चुलत्यांकडे, लाकडी पेटीत गंजिफा होती. दहा अवतारांचे एकशेवीस गोल पत्ते, लाखेनं चकचकीत केलेले, हातात घेतले तर बांगडीच्या दुकानासारखे वाजणारे. आजोबांनी दाखवलं होतं, दिवसा डाव रामाचा, सूर्य मावळला की कृष्णाचा. “आजोबा, ह्यानं भविष्य सांगतात का?” तिनं विचारलं होतं, आणि आजोबा पेटीचं झाकण लावत म्हणाले होते, “गजाल करतंस काय? ही पानां. पानांनी खेळूचा. इचारूचा आसात तर देवाक इचारूचा.” तेव्हा ती हसली होती. आता चहा निवत चालला होता आणि ते झाकण लावतानाचा आवाज तिच्या कानात नको इतका स्पष्ट येत होता.

रविवारी तिनं काय केलं होतं, ते तिनं पुन्हा पुन्हा आठवलं, जिभेनं दुखरी दाढ चाचपावी तसं. नुसते पत्ते पिसून वाटले असते तर काही झालं नसतं. पण दहा बायका आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला राहवलं नाही. तिनं टॉवेल खांद्यावर टाकला, डोळे मिटले आणि गावच्या देवळातला मानकरी घालतो तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आज ह्यो घाटकोपरचो मेळो तुझ्या पायाशी जमलो हा...” बायका आधी हसल्या, मग सवयीनं, अगदी एका सुरात, त्यांच्या तोंडून निघालं, “व्हय म्हाराजा.” त्या आवाजानं शुभाच्या अंगावर शहारा आला होता, छान शहारा. तिनं अजून चार ओळी घातल्या, चार वेळा होकार आला. मग एकेकीनं मनात प्रश्न धरायचा आणि पत्ता उचलायचा. होडी आली की प्रवास, कंदील आला की पोराला अक्कल, कोळणीची पाटी आली की घरात बरकत. शेवटी मालनकाकी. तिनं बराच वेळ हात पत्त्यांवर फिरवला आणि उचललं बंद दार. निळं दार, त्याला पिवळी कडी. त्याचा अर्थ शुभानं ठरवलेलाच नव्हता. सगळ्या गप्प होऊन बघत होत्या, आणि ती शांतता तिला फार आवडली, म्हणून तिनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, “दार बंद आहे, काकी. ज्या कामाला निघालीस तिथे जाऊ नकोस.” कोणीतरी म्हटलं, “बाई, काय पोरगी आहे.” काकी पत्ता उलटा करून मागची बाजू पाहत राहिली होती.

स्टेशनबाहेरच्या पोपटवाल्यानं तर सांगितलं होतं. कॅट करायला घेण्याआधी ती त्याच्याशीही बोलली होती, वर्गातल्या रत्नप्रभाला सोबत घेऊन. त्याचा पोपट पिंजऱ्यातून ठुमकत बाहेर यायचा, चोचीनं पाकीट ओढायचा, दाणा मिळाला की आत. “तुमच्या कॅटमध्ये वाईट पत्ते किती?” तिनं वही उघडून विचारलं, तर तो हसला. “एक भी नहीं, बेबी. बुरा पत्ता रखेगा तो मार कौन खायेगा, पोपट?” स्टेशनवरच्या वजनाच्या काट्याचंही तसंच, तिकिटाच्या मागे कधी कोणाला मरण येत नाही, फक्त धनलाभ. रत्नप्रभा म्हणाली होती, चला, म्हणजे ह्यांची सगळी थापेबाजी. आणि शुभानं ऐटीत म्हटलं होतं, माझ्या कॅटमध्ये सात वाईट असतील, घाबरायला नको का यार, नाहीतर मजा काय. सात. विहीर, कुलूप, रिकामा पाळणा... स्केचपेननं, जीभ बाहेर काढून, रेघ न रेघ नीट रंगवली होती तिनं. तो भिकारडा पोपट शहाणा निघाला.

गुरुवारी सकाळी अंघोळ करताना तिचा हात आपोआप छातीवर डाव्या बाजूला गेला. साबणाच्या फेसाखाली बरगडी लागली, मग दुसरी, मग काहीतरी. होतं की नव्हतं? तिनं पुन्हा दाबून पाहिलं, दुखलं, दाबल्यामुळे दुखलं की आधीपासून दुखत होतं? आई दार वाजवेपर्यंत ती तशीच उभी होती. शाळेत भूगोलाच्या तासाला बाईंनी नाव घेतलं तेव्हा तिला ऐकूच आलं नाही, आणि उभी राहिल्यावर आवाज फुटेना. आठवीतला तो जुना, बारका आवाज घशात येऊन बसला होता. मुलं हसली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला दिसत होती सुपारी, अडकित्त्यात धरलेली.

शाळेतून ती थेट काकीकडे गेली. काकी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. शुभानं दप्तरातून हस्तलिखित काढलं, आपला लेख उघडला आणि उभ्या उभ्या बोलायला सुटली. इटली, फ्रेंच माणूस, जर्मन सोंगट्या, पोपट. “सगळा खेळ आहे, काकी. कोशातल्या छापील पुराव्यानिशी सांगते. आणि माझे तर नुसते जुन्या पत्रिका कापून केलेले.”

“खंयची इटली आणि खंय घाटकोपर,” काकी म्हणाली. “पत्रिका कापल्यास ना? मग माझ्या पत्त्यामागे अर्धा गणपती होता. सोनेरी. सोंड होती आणि खाली ‘प्रसन्न’ लिहिलेलं. बघितलास?”

शुभानं बघितलं नव्हतं. कापताना वाटीच्या कडेकडेनं कात्री फिरवण्यातच तिचं सगळं लक्ष होतं.

“पण काकी, मूळ खेळच ना.”

“देवळातला देव पण मूळचा कातळच गो. गाऱ्हाणं घातलं, माणसं समोर उभी राहिली, तेव्हा तो देव. तू गाऱ्हाणं घातलंस, आम्ही दहा बायांनी व्हय म्हाराजा म्हटलं. आता त्याला कातळ कसा म्हणू, सांग.” सोललेली पाकळी तिनं वाटीत टाकली. ह्यावर कोशात काहीच नव्हतं. शुभानं हस्तलिखित मिटलं.

“मग परत पत्ते टाकू. परत विचारू.”

“सारखं सारखं विचारायला तो काय भाजीवाला आहे?” काकीनं लसणीची पुढची पाकळी घेतली. मग म्हणाली, “माझ्या बापानं घर बांधायला काढलं तेव्हा कौल लावलेला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात ना, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. दोन वर्षं जोतं तसंच, त्यावर गवत उगवलं. मग कळलं, म्हाताऱ्या मानकऱ्यानं गाऱ्हाण्यात नावच चुकीचं घेतलेलं. तो स्वतः येऊन उभा राहिला. म्हणाला, चूक माझी, भोग काय तो माझ्यावर घाल, ह्यांना वाट दे. मग बांधलं.”

“आणि त्या म्हाताऱ्याचं काय झालं?”

काकीनं लसणीची सालं गोळा केली. “तो म्हाताराच होता गो,” ती म्हणाली.

शुभा हस्तलिखित छातीशी धरून तिथून निघाली. जिन्यात देवनारच्या कचराडेपोकडून आलेल्या वाऱ्याचा जळका, आंबूस वास भरला होता. म्हणजे रस्ता होता. चार शब्द होते. ते शब्द म्हणायचे की झालं. आणि ते शब्द तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, कारण ती आता आंधळेपणानं नव्हे तर अगदी डोळसपणानं त्यांना घाबरत होती. हे सगळं खोटं आहे हे तिला माहीत होतं. तिनंच ते सिद्ध केलं होतं, सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या होत्या. खोटं असेल तर म्हणायला काय जातं? काहीच जात नाही. म्हण ना मग, तिनं स्वतःला सांगितलं, आत्ता, इथे, जिन्यात, हळूच. जीभ टाळूला चिकटून बसली. खोटं असलं आणि तरी लागलं तर? सकाळी लागलं होतं ते काय होतं? ती पंधरा वर्षांची होती, तिला अजून दहावी व्हायचं होतं, तिला रत्नप्रभाबरोबर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसायचं होतं, तिला सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायला आत्ता कुठे यायला लागलं होतं. काकीची तर पन्नाशी आली, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला म्हणून ती इतकी दचकली की तिनं कठडा धरला.

खालून काकीचे यजमान, गुणाजीकाका, येत होते. संपानंतर गिरणी सुटली तेव्हापासून ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात वॉचमन होते. आज रात्रपाळी म्हणून आत्ता घरी जेवण बांधून घ्यायला आले होते. “काय गो, भविष्यवाली,” ते हसून म्हणाले आणि दोन पायऱ्या खाली थांबले. हसू मावळलं. “तुझ्याशी बोलली असेल ती. तारीख डॉक्टरनी स्वतःच पुढे ढकलली म्हणजे फारसं काही नसणार, ना? घाईचं असतं तर ढकलली नसती. तू शिकलेली, तुला काय वाटतं?” ते तिच्याकडे असे बघत होते, जसं रविवारी बायका बघत होत्या. पत्ता उलगडायच्या आधी. शुभाच्या ध्यानात आलं की आता आपण मान हलवली तर काकासुद्धा तेच धरून बसतील.

“तसं नाही, काका. घाईचं आहे,” ती म्हणाली. “उद्या जायलाच हवं. तुम्ही पाळी संपली की सकाळी तडक हॉस्पिटलात या. काकी येईल.” काकांचा चेहरा पांढरा पडला आणि ते तिथेच पायरीवर बसले. पुढे काही विचारायच्या आत ती वळली आणि पळत परत वर गेली.

काकी अजून तिथेच बसली होती. शुभा तिच्यासमोर उभी राहिली. टॉवेल नाही, डोळे मिटलेले नाहीत, हात कुठे ठेवायचे ते माहीत नाही. तिनं तोंड उघडलं आणि रविवारचा तो खणखणीत आवाज यावा म्हणून थांबली. तो आला नाही. मग ती त्या बारक्या आवाजातच म्हणाली. “बा देवा म्हाराजा. रविवारी ह्या लेकरान मस्करीत गाऱ्हाणा घातल्यान. चूक माझी. भोग काय तो...” इथे ती अडली. कुकरची वाफ भिंतीवर चढत होती. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. “भोग काय तो माझ्यावर घाल. मालनकाकीक वाट दी.”

आता होकार यायला हवा होता. काकी तिच्याकडे बघत होती. शुभाला अगदी आतून, लाज वाटावी इतकं आतून, वाटत होतं की काकीनं म्हणू नये. जाऊ दे गो, म्हणावं. पोर ती, तिच्यावर कशाला, म्हणून जवळ घ्यावं. काकीचे ओठ हलले, थांबले. मग ती हळू पण स्वच्छ म्हणाली, “व्हय म्हाराजा.” आणि लगेच लसणीची वाटी घेऊन उठली. जाता जाता, पाठमोरीच, म्हणाली, “उद्या तू सोबत चल. शाळा बुडव.”

शुक्रवारी सकाळी रिक्षात दोघींच्या मधे कपड्यांची पिशवी होती. काकीनं शुभाचं मनगट धरलं होतं, बांगड्या रुततील इतकं घट्ट. शुभाच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, आई विचारेल म्हणून. रात्रभर ती पाठीवर सरळ पडून होती, कुशीवर वळायचं धाडस न करता. रस्ता ओळखीचा होता आणि दुकानांची एकही पाटी तिला वाचता येत नव्हती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा काकी बाहेर बघत म्हणाली, “तुला एक सांगते. पत्ता उचलताना मी मनात तेच मागितलं होतं, जायला लागू नये. दार आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं गो. इतकं सुटल्यासारखं.” सिग्नल सुटला. “दुसरा कुठला आला असता तरी मी काहीतरी काढलं असतं त्यातून. सुरी बघितली आहेस तू त्यांची?” शुभानं मान हलवली, नाही. “मी पण नाही,” काकी म्हणाली. तिचा तळवा घामानं ओला झाला होता आणि थंड होता, आणि मनगटात काहीतरी जोरजोरात उडत होतं. ते आपल्या शिरेत उडतंय की तिच्या बोटांत, हे शुभाला सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलात फिनेलचा वास होता आणि लांब बाकावर बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुणाजीकाका अजून पोचले नव्हते. टेबलापलीकडच्या सिस्टरनं कागद घेतले, वर न बघता शिक्का उमटवला, पेनाचं टोपण काढलं. मग मान वर केली. समोर दोघी उभ्या होत्या, एकमेकींना धरून, दोघींचे चेहरे सारखेच उतरलेले.

“पेशंट कोण?” तिनं विचारलं.

शुभाला वाटलं, काल जे मागितलं त्याचं उत्तर ते हे, आता फक्त नाव सांगायचं राहिलंय, आणि सिस्टर पेन टेकवून वाट बघते आहे. एक क्षण तिला खरंच आठवेना. शेजारी काकीचा श्वास ऐकू येत होता, वर चढलेला, अडकलेला. मागून कोणीतरी म्हणालं, “चला ओ, पुढे चला.”

“अहो, पेशंट कोण दोघींत?”

काकीनं शुभाचं मनगट सोडलं. एकेक बोट करून, वेळ लावून सोडलं. पदर सारखा केला.

“मी,” ती म्हणाली.